टाकीतलं तळं

३ ऑक्टोबर

आज पुन्हा पकडून आणला. आमच्या जुन्या तळ्यावर आता सौर विजेचे पत्रे बसवलेत, तिथला पहारेकरी स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. म्हाताऱ्याच्या हातात बादली, पायात एकच चप्पल. "आजी, हे कुंपण चढत होते. म्हणतात, माझे मासे उपाशी आहेत." मासे कसले — तळं भाड्याने दिलं त्याला वर्षं झाली. जन्मभर दुधमासे पोसले, ते काही डोक्यातून जात नाही. बायकोचं नाव मात्र गेलं.

थोरल्याचा, आ-हुंगचा फोन. "आई, बाबा एखाद्या ट्रकखाली आले म्हणजे मग? पुन्हा असं झालं तर मी त्यांना इकडे ताइचुंगच्या वृद्धाश्रमात ठेवणार. नाव घालून ठेवलंय." नाव घालून ठेवलंय म्हणे. पोराला शाळेत घालतात तसं.

५ ऑक्टोबर

शेतकरी संघाच्या वर्गाला गेले. मासे-भाजी एकत्र करायचा वर्ग. खाली टाकीत मासे, वर खड्यांच्या वाफ्यात भाजी. माशांचं घाण पाणी पंप वर चढवतो, भाजी ते खाते, निवळलेलं पाणी परत खाली पडतं. बाकीचे सगळे निवृत्त मास्तर, आणि टोप्या घातलेल्या बायका. छंद म्हणून आलेल्या. मला कसला छंद? मला दारात तळं पाहिजे. म्हातारा तिथे थांबेल, बाहेर जाणार नाही, एवढंच.

शिकवणारी पोरगी म्हणाली, पाण्याचं रोज लिहून ठेवा. पाण्याचं लिहिता लिहिता बाकीचंही लिहिते. चार इयत्ता शिकले, वाया गेल्या होत्या, होऊ देत वसूल.

९ ऑक्टोबर

टाकी आली. शेजारची आ-किओक कुंपणावरून डोकावली. "काय गं, म्हाताऱ्याच्या अंघोळीला एवढी मोठी?"

"हो. तुझं तोंड बुडवायला पण जागा ठेवलीय."

पंप बसवला. नळी उलटी जोडली. सगळं पाणी माझ्या अंगावर.

१२ ऑक्टोबर

नळाचं पाणी भरलं, चिलापी माशांची पिल्लं सोडली. संध्याकाळी सगळी पोटं वर.

वर्गातल्या पोरीला फोन केला. "आजी, नळाच्या पाण्यात औषध असतं. आणि नवं पाणी कच्चं असतं. आधी मुरू द्यायचं. पाच-सहा आठवडे तरी."

पाणी आहे की लोणचं? म्हाताऱ्याने बघायच्या आत पिल्लं उचलली, आ-किओकच्या मांजराला टाकली. मांजर खूश. तेवढंच एक.

२४ ऑक्टोबर

पाणी मुरतंय. मासे नाहीत तरी रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजतं, मग खड्यांमध्ये न दिसणारे जीव धरतात, तेच पाणी निवळतात म्हणे. म्हणजे मी रिकाम्या पाण्याला खाऊ घालते. आणि वेडा कोण, तर तो!

दार लावून ठेवलं की लाथा मारतो. काल माझ्या मनगटाला चावला. दात नाहीत म्हणून बरं.

२ नोव्हेंबर

काही नाही. पाणी हिरवट. पाठ गेली आहे. दारात खुर्ची टाकून बसते, डोळा लागला की दचकून उठते.

१८ नोव्हेंबर

पाणी तपासायची पट्टी बुडवून रंग बघितला, वर्गातल्या पोरीला फोटो पाठवला. "सोडा आजी मासे." सोडले.

वरच्या वाफ्यातून पाणी पडायला लागलं, त्या आवाजाने म्हातारा घरातून बाहेर आला. टाकीत वाकला. ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, तोंडात घेऊन थुंकला. "पातळ आहे. चालेल." मग दुपारपर्यंत तिथून हलला नाही. जेवायलाही तिथेच ताट दिलं.

१९ नोव्हेंबर

गेला नाही.

२० नोव्हेंबर

आजही नाही. दार उघडं होतं.

२७ नोव्हेंबर

नवी कटकट. खाऊ घातलेलं विसरतो. पुन्हा घालतो, पुन्हा विसरतो. पाण्याला वास यायला लागला. खाद्याचा डबा तांदळाच्या पिंपात लपवला आणि त्याच्या हातात एक वाटी दिली, तळाला चिमूटभर. तो थोडं थोडं करत दिवस काढतो.

आज मला म्हणाला, "तू नवीन लागलीस का कामाला?"

"हो."

"नवरा काय करतो तुझा?"

"माशांना खाऊ घालतो."

"मग चांगला आहे. जप त्याला."

वाटी विसळून ठेवली.

४ डिसेंबर

वाफ्यातली नाळीची भाजी पहिल्यांदा कापली. लसणावर परतली. म्हाताऱ्याने दोनदा मागून घेतली. आ-किओकला जुडी दिली. म्हणाली, "माशांच्या मुताची भाजी म्हणायची ही." खाऊन परत आली, अजून आहे का विचारायला.

आ-हुंगला फोन केला. सांगितलं, इतके दिवस एकदाही बाहेर गेला नाही. तो म्हणाला, "बघू. हिवाळी सणाला येतो, तेव्हा बघू." आश्रमातलं नाव काढ म्हटलं. "बघू आई." याच्या बापाने कधी 'बघू' म्हटलं नाही. एक तर हो, नाही तर शिवी.

१४ डिसेंबर

सगळे मेले.

सकाळी बाहेर आले तर टाकी अर्धी रिकामी, वर फेस, मासे पांढरी पोटं दाखवत. बाजूला बादली, तिच्या बुडाला तपकिरी गाळ. वासावरून ओळखलं. चहाच्या बियांची पेंड. शेडमध्ये जुनं पोतं पडलं होतं, माझंच टाकून द्यायचं राहिलं. थंडीत मोठे मासे विकून झाले की तळ्यात ही पेंड टाकतात, उरलंसुरलं मारायला. मग तळं उपसून उन्हात वाळवायचं, वसंतात नवं पाणी. दर साली करायचा. या साली पण केलं. पेंड नीट रात्रभर भिजवली होती, सारखी शिंपडली होती, बूच काढलं होतं. तसूभर चूक नाही.

म्हातारा कट्ट्यावर पाय पसरून बसलेला. "झालं या सालचं. आता वाळू दे. चिखलाला भेगा पडल्या की पाणी सोडू."

प्लास्टिकची टाकी. चिखल कुठला त्यात.

मी झाडू उचलला होता. मारला नाही. पण उचलला होता.

१७ डिसेंबर

मला वाटलं, आता पुन्हा कुंपणं चढणार. पण नाही. दाराकडे बघतसुद्धा नाही. मासे नाहीत म्हणजे कुणी उपाशी नाही. दुपारभर घोरतो. तळं वाळत असलं की तो असाच झोपायचा, मीच विसरले होते.

भाजी पिवळी पडली. उपटली.

२१ डिसेंबर

हिवाळी सण. तांदळाच्या गोळ्या केल्या, गोड पाण्यात सोडल्या. आ-हुंग आला. रिकाम्या टाकीकडे बघितलं. मी सांगणारच होते, मासे गेले तर गेले, पण हा आता घर सोडत नाही, नाव काढून टाक.

त्याआधी म्हातारा त्याला म्हणाला, "तळं वाळतंय. सध्या मोकळा आहे मी." पोराला मासळीचा व्यापारी समजतो.

आ-हुंग म्हणाला, "मग चला की माझ्याबरोबर ताइचुंगला. राहा थोडे दिवस."

"चल."

स्वतः उठला. टोपी स्वतः घेतली. आ-हुंगने माझ्याकडे बघितलं. नको म्हणता आलं असतं. तोंडात गोळी होती. ती गिळून होईपर्यंत दोघं गाडीत बसले होते.

२२ डिसेंबर

ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. उठल्याबरोबर दाराची कडी बघायला धावले. उगाच.

५ फेब्रुवारी

आमच्या चांद्र नव्या वर्षाला आश्रमातून दोन दिवस आणला होता. अंगाने भरलाय. नखं कापलेली, दाढी केलेली. माझ्याकडून इतकं झालं नव्हतं. टाकीत वाकून तळाला हात फिरवला. "अजून नाही," म्हणाला आणि आपणहून गाडीत जाऊन बसला.

त्याचं अंथरूण उन्हात टाकलं. पाठ बरी आहे.

८ मार्च

सगळ्यांनी तळ्यांत पाणी सोडलं. आ-हुंगचा फोन. "आई, बाबा रोज विचारतात, पाणी सोडलं का? सोडलं की मला घरी न्या म्हणतात. काय सांगू?"

नळ हाताशी होता. म्हटलं, सांग, चिखलाला अजून भेगा पडल्या नाहीत.