कोंबड्यांना रोग नव्हता

बाई, तुम्हाला जाऊन आता पंचवीसएक वर्षं झाली असतील. नक्की आकडा मला सांगता येत नाही, कारण तुमच्या अंत्ययात्रेला मी आलो नव्हतो. कंपनीत शिफ्ट होती असं सगळ्यांना सांगितलं. शिफ्ट होतीच, पण बदलून मिळाली असती. ते राहू दे. आज लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगावी हे मला सुचत नाही.

अंबरनाथच्या तुमच्या स्वयंपाकघरातला तो रविवार तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी आठवीत होतो, तुमच्याच वर्गात. आजूबाजूच्या बायका तुमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत, रेशनकार्डाचे, नळाचे, आणि अक्षर चांगलं म्हणून तुम्ही मला लिहायला बसवत होता. तुम्ही ओट्याशी पोहे परतताय, मी पाटावर बसून लिहितोय. एक बाई आली. वरच्या मजल्यावरचा माणूस धुण्याचं पाणी तिच्या दारात सोडतो, एवढीच तिची तक्रार. मी लिहिलं, आणि जोर यावा म्हणून पुढे आपल्याच मनाने घातलं, ‘सदर इसम दारू पिऊन शिवीगाळ करतो.’ तुम्ही हात पुसून कागद घेतलात, मोठ्याने वाचलात. ती बाई घाबरून म्हणाली, “दारू? नाही हो बाई, तो पीत नाही.” तुम्ही तिच्यादेखत कागद फाडलात आणि मला म्हणालात, “ऊठ. त्या माणसाला बायकापोरं आहेत. तुझं एक वाक्य त्यांच्या घरात किती दिवस राहील, कळतं का तुला?” पुढचे चार रविवार तुम्ही मला बोलावलं नाही.

बाई, तेच मी पुन्हा केलं. आणि आता मी आठवीत नाही, रिटायर झालोय.

तीस वर्षं शिफ्टमध्ये काढली. रिटायर झाल्यावर सकाळी सातपर्यंत झोपायचं, एवढी एकच हौस उरली होती. बेलवलीच्या पुढे, जिथे अजून थोडी शेतं आहेत, तिथे फ्लॅट घेतला. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती एका आगरी म्हातारीची. जमीन दिली तेव्हा तिच्या मुलाला आमच्याच बिल्डिंगमध्ये घर मिळालं, पण ती वर राहायला गेली नाही. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे तिचं जुनं कौलारू घर आहे, त्यातच राहिली. तिच्याकडे आठदहा कोंबड्या आणि तीन कोंबडे. माझ्या बेडरूमची खिडकी बरोबर त्यांच्यावर. पहाटे चारला पहिला सुरू व्हायचा, मग दुसरा त्याला उत्तर द्यायचा, आणि तिसरा, लाल तुऱ्याचा, उजाडल्यावरही थांबायचा नाही.

मी खाली गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, “आजी, त्या कोंबड्यांचं जरा बघा ना. झोप होत नाही.” ती हसली. “कोंबरा हाय तो, बाला. त्याला काय सांगू, हलू आरव?” पण त्या दिवसापासून ती संध्याकाळीच तिघांना टोपल्याखाली घालून वर गोणपाट टाकायला लागली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी ते टोपल्याखालून आरवायला लागले. मी खिडकीत दिसलो की ती खालून विचारायची, “आज लागली का रं झोप?” ती मनापासून विचारायची. मला ते चेष्टा केल्यासारखं वाटायचं.

मग मी सोसायटीला अर्ज लिहिला. आवाजाबद्दल लिहून झाल्यावर वाटलं, एवढ्याने कुणी हलणार नाही. त्या आठवड्यात बिल्डिंगमधली दोन मुलं तापाने पडली होती. शाळेत सगळीकडेच ताप होता. मी लिहिलं, ‘सदर कोंबड्या रोगट असून त्यामुळे इमारतीतील दोन लहान मुले आजारी पडली आहेत.’ सेक्रेटरीला म्हटलं, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. त्यांनी माझीच वाक्यं जशीच्या तशी नोटिशीत उतरवली, एक प्रत बोर्डावर लावली, एक म्हातारीच्या मुलाला दिली. त्याला बिल्डिंगमध्ये सगळ्यांसमोर वावरायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कोंबडे-कोंबड्या सगळ्यांचे पाय बांधले, टेम्पोत घातल्या आणि उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात नेऊन विकल्या. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला, पण कलकलाट ऐकू येतच होता.

संध्याकाळी भाजी घेऊन येत होतो तर ती गेटपाशी उभी. हातात तोच कागद. “तू शिकलेला हायस. पोरगा काय नीट सांगत नाय. मना वाचून दाव, काय लिवलंय.” मी पिशवी खाली ठेवली आणि वाचायला लागलो. बाई, माझी वाक्यं मी तिला वाचून दाखवली. रोगाचं वाक्य गाळता आलं असतं. पण दुसऱ्या कुणी नंतर वाचून दाखवलं तर मी का गाळलं असं ती विचारेल, या भीतीने तेही वाचलं. तिने कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, “कुनाची पोरं?”

“नाव लिहिलेलं नाही, आजी.”

“मना कुनी बोललं पन नाय. पेज करून नेली असती मी.”

मी पिशवी उचलली आणि जिना चढलो.

चारपाच दिवसांनी ती वर आमच्या घरी आली, पहिल्यांदाच, धापा टाकत. कोंबड्या परत येणार नाहीत हे तिला कळत होतं. पण ज्यांच्या घरी तिची अंडी इतकी वर्षं जात होती त्या बायका आता तिला पाहून मुलांना आत घेतात. “माज्या कोंबऱ्यांना रोग नवता, येवढंच लिव. बाकी काय नको.” मी ते कॉम्प्युटरवर टाईप केलं, तिचा अंगठा घेतला आणि बोर्डावर लावून आलो. तिने विचारलं, “लोकं मानतील?” मी म्हटलं, “मानतील की.” खरं तर ज्याने पहिला कागद लिहिला त्याने बोर्डाशी उभं राहून सांगितलं असतं, तरच मानलं असतं. सेक्रेटरी जिन्यात भेटले, माझ्याकडे पाहून थोडं हसले आणि खाली उतरून गेले. ती दुसऱ्या दिवशी आपल्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा देऊन गेली, अर्ज लिहून दिला म्हणून. बायकोने आमटी केली. मी जेवलो.

तुम्ही असता तर “ऊठ” म्हणाला असता. मीही रोज ठरवतो की आज खाली जायचं. मग तिच्या रिकाम्या अंगणात ती एकटीच झाडताना दिसते आणि मी उद्यावर टाकतो. सगळ्यात वाईट गोष्ट ही, की मला झोप छान लागते. ती लागू नये असं वाटतं, पण लागते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे लिहायला बसतानाच माहीत होतं. तिचं दार माझ्या जिन्यापासून पन्नास पावलांवर आहे, बाई. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.