भुरीचं कूळ पवार

३ जानेवारी १९६२, बुधवार
आजपासून खोड्या बंद. एक तारखेपासूनच बंद करनार होतो, पन काल तांड्याच्या नायकाच्या गादीत खाजकुयरी टाकायचं आधीच ठरलं होतं. ठरलेलं काम मधात सोडू नये. गादीवर नेमके धावजी बसले, मारेगावकडच्या तांड्याचे. त्यायले वाटलं, ढेकूण हायेत.
धावजीची पोरगी जमनी. सगाई होळीच्या आधी. त्यायनं बापूले इचारलं, पोट्टा काय करते? बापू बिडी ओढत राह्यला. मीच म्हनलं, होळीपर्यंत धंद्यात राहीन. कोनत्या? म्हने. म्हनलं, ते होळीले सांगतो.

७ जानेवारी
धंदा भेटला. पांढरकवड्यात मधुसूदन वकिलाकडं काड्या पोचवाले गेलतो. त्याइच्या बायकोपाशी, कुंदाबाईपाशी, पांढरा बोका हाये, सुलतान. केस हे मोठे, तोंड पाट्यानं ठेचल्यावानी. त्याचा कलकत्त्याहून कागद आलाय. बाप कोन, आजा कोन, सारं हाये. आमच्या बापूपाशी बापूचा असा कागद नाई.
बाई म्हने, दोन वर्षं झाली याच्यासाठी चांगल्या कुळाची मांजरी शोधते आहे. म्या म्हनलं, आमच्या घरी हाये. इचार केला नवता, जीभच समोर गेली. मंग जंगलखात्याचा गोरा साहेब जाता जाता आपली मांजर आमच्या आज्याले देऊन गेल्ता, आमची भुरी तिचीच नात, हे बी सांगतलं. बाईनं कपबशी खाली ठेवली. पिल्लं रजिस्टर झाली तर एक पिल्लू माझं. तिथून धंदा चालू.

८ जानेवारी
भुरीले रिठ्याच्या पान्यानं धुतलं, उनात वाळवलं. मस्त फुगली. याडी, म्हंजे माय, म्हने, बोंड फुटल्यावानी दिसते, पन सरकी तेच. दोन्ही हातावर नखं लागले.
बाईनं उलटून पालटून पाह्यलं. म्हने, हिचं कूळ सांग. आई, आजी, पणजी. म्या म्हनलं, उंदीर मांजर पकडते का पणजी पकडते? तवा बाईनं मले पुढं बसवलं. म्हने, अरे पूनम, मांजर धुऊन पुसून कोणीही भारी म्हणून विकेल. (म्या हात मांगं घेतले.) म्हणून नीट पाळणारे लोक कलकत्त्याच्या मांजरांच्या असोसिएशनमधे जातात. कूळ चारचौघांत मांडायचं. मग बहिणीशी भावाचं लागत नाही, पिल्लं मरतुकडी होत नाहीत. एखादं आंधळं निघालं तर कुठल्या आज्याकडून आलं ते सापडतं, तो वंश थांबवता येतो. आणि विकणाऱ्याला स्वतःचं नाव द्यावं लागतं. खोटं निघालं तर बाहेर. मग त्याच्याकडून कोणी उंदीरसुद्धा घेत नाही.
म्या म्हनलं, हे तर आमच्या ढाडीवानी झालं. सगाईले ढाडी येते, पोराचं, पोरीचं, दोन्ही कूळ सगळ्यासमोर म्हनते. गोत एक निघालं तर उठा, घरी जा. बाई हसली. म्हने, अगदी तेच.
मंग मले सोपं झालं. सुलतान पोराकडचा, म्हंजे आमच्यावानी राठोड. भुरी राठोड चालनार नाई. ती पवार पायजे, जमनीवानी. अन् पवारायचे नावं मले पाठच होते, सगाईले इचारले तर चुकू नये म्हनून. सांगून टाकले. आई मोतीबाई, आजी हंसाबाई, पणजी रामीबाई. बाईले लय आवडले. म्हने, साहेबाला आपल्या मुलखाची माया दिसते.

१२ जानेवारी
फसलो नाई, फक्त आत हाये. बाईचा कायदा, भुरी अन् सुलतान मागच्या खोलीत, दुसरा बोका आत येता कामा नये, अन् त्याले साक्षीदार पायजे. साक्षीदार मी. मांजर दार ढकलते म्हनून कडी बाहेरून. मांजर आत, बोका आत, मी आत. सुलतान माझ्या आथरुनावर झोपते. भुरी अलमारीवर. मी जमिनीवर. कोनी कोनाकडं पाहून नाई राह्यलं.

१४ जानेवारी, सक्रांत
तिळगूळ दाराच्या फटीतून आला. बाई म्हने, गोड बोल. कोनाशी?
वास लय. हवेसाठी खिडकी जराशी उघडली. सडकेच्या धाब्यावरचा लाल बोका, तो कान तुटलेला, खिडकीत येऊन बसला. मंग आत आला. म्या हाड म्हनलं. जोरात म्हनलं नाई, बाईले आयकू गेलं असतं. दुपार टळल्यावर गेला. पाव्हना म्हनून आलता, दुसरं काई नाई. सांजच्याले बाईनं इचारलं, आत कोणी आलं होतं का? म्हनलं, मानूस कोनी नाई.

२२ जानेवारी
सुटलो. बजारात धावजी भेटले. काय करतं? म्हने. म्हनलं, असोसिएशनमधे हावो. त्यायनं मले पोटाशीच धरलं. मले मांगून समजलं. या सडकेवर असोसिएशन म्हंजे ट्रकवाल्याइची. म्हने, गाड्या किती? म्हनलं, सध्या दोन, होळीपर्यंत वाढतीन. माल कुठला? कलकत्त्याचा. यातलं एक बी खोटं नाई.

२५ फेब्रुवारी
भुरीचं पोट जमिनीले लागून राह्यलं. काम फत्ते.
एकच बारीक अडचन. कलकत्त्यावाले म्हनते, मायच्या कुळाले घरचं कोनी म्हातारं साक्षीले पायजे. बाई म्हने, मी तुमच्या तांड्यावर येऊन विचारते. म्हनलं, म्हातारे बहिरे हायेत. म्हने, मग सगाईलाच येते, सगळे असतील, कोणाला तरी ऐकू येईल. म्या माझ्या सगाईचं सांगतलंच नवतं. याडी सांगून गेली. भुरीले दूध द्याले आलती.
वणीले खदानीत पळून जावं म्हनतो. पन भुरी बाईच्या घरात अडकली, अन् याडी म्हनते, मांजरीबिगर घरात पाय ठेवू नको. भुरी पिल्लाबिगर हालनार नाई. पिल्लं नेमकी सगाईच्या टायमालेच होनार. सगाईले बाई येनार. कोनत्याबी दारानं गेलो तरी त्याच खोलीत.

१७ मार्च
पिल्लं झाली. सगळेच लाल.
म्या बाईले सांगतलं, पोटातल्या गर्मीनं रंग चढते, दिवाळीपर्यंत उतरते. बाई म्हने, पूनम, खिडकी उघडली होतीस? म्हनलं, हवेनं उघडली. म्हने, बाप सुलतान नाही, असं कलकत्त्याला आजच कळवते. म्या म्हनलं, कायले? तिथं कोन पाहाले येते? म्हने, कोणी पाहायला येत नाही म्हणूनच कळवायचं.
एवढं शिकून काई उपयोग नाई या बाईचा. पन एक बरं झालं. आता बाईले उद्या सगाईले यायचं कारन नाई.

१८ मार्च
आली. सगळ्यात आधी आली. म्हने, बाप गेला, आई तरी पक्की करू.
ढाडीनं आमचं राठोडाचं कूळ म्हनलं. मंग पवाराचं लावलं. पोरगी जमनी, माय मोतीबाई, आजी हंसाबाई, पणजी रामीबाई. बाईच्या हातातला चहा तसाच राह्यला. म्हने, अगं बाई, ही तर आमच्या भुरीची आई, आजी नि पणजी.
मोतीबाईनं पदर तोंडापुढं घेतला. हंसाबाई सोता समोर बसलेली, तोंडात दात नाई. इचारते, भुरी कोन व? याडीले काय समजलं कोन जाने, कौतिकानं म्हने, आमची मांजर.
धावजी म्हने, अन् असोसिएशन? मंग बाईनं सगळ्याइले सुरवातीपासून समजावलं. कूळ काहून पायजे, नाव काहून द्यावं लागते, खोटं निघालं तर काय. लय चांगलं समजावलं. ढाडी मान हालवत होता. गोऱ्या साहेबाचं आलं तसं हंसाबाईनं मले जवळ बोलावलं. म्हने, पोट्ट्या, तो साहेब मले तुझ्या आज्यापाशी कवा सोडून गेला रे? मले तं सांगतलं बी नाई त्यानं.
जमनी सगळ्यात आधी हसली. मंग सारा तांडा. धावजी हसले नाई. पाठ खाजवत म्हने, ती गादी बी याचीच करनी असन.
सगाई मोडली नाई. लांबली. यात फरक हाये.

२७ मे
मांगच्या हप्त्यात पिल्लं वाटली. हंसाबाईनं अट घातली होती, कूळ सगळ्यासमोर, अन् खरं. ढाडीच्या बाजूले उभं राहून मले म्हनावं लागलं. माय भुरी. भुरीची माय माहीत नाई. बाप धाब्यावरचा लाल बोका. खिडकी कोनं उघडली? हे ढाडीनं इचारलं. पूनमसिंग राठोडानं. दोनदा म्हनाले लावलं, मांगच्याइले आयकू नवतं गेलं.
एक पिल्लू हंसाबाई घेऊन गेली. ते पिल्लू दिवसभर झोपते, उंदीर समोरून गेला तरी पाहात नाई. त्याचं नाव पूनमसिंग ठेवलं म्हने.
जमनीचा निरोप आला. खिडकी लावता आली की कळवा. मी याले हो समजतो.
म्हनून आजच धंद्याले लागलो. सडकेवर गेलो, खऱ्या असोसिएशनमधे, ट्रकवाल्याइच्या. म्हनलं, जागा हाये का? म्हने, हाये. गोदामात लय नुसकान होऊन राह्यलं, तातडीनं पायजे. म्हनलं, मी आजपासून येतो. म्हने, तू कायले? उंदीर झाले. मांजर पायजे.