धाकट्या काकांचा व्हॉल्व्ह

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा गेले त्या दिवशी, घरात रडारड चालू असताना धाकट्या काकांनी त्यांचा अँप्लिफायर आपला वाटा म्हणून उचलून नेला, हे तू विसरली नसशीलच. समोरच्या त्यांच्या कापडदुकानात तो मिरवत असतो. काल त्याचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, आतल्या भागांना वीज पुरवणारी ती काचेची नळी, गेला आणि स्वारी थेट माझ्याच रिपेरिंगच्या टेबलापाशी! म्हणाले, सॉकेटात बसेल तो दे, सगळे सारखेच.

मूळ जातीचा जीझेड-३४ माझ्याकडे आहे, पण तो मी देणार नाही. तुझ्या कपाटातला जाडा ५यू४ पाठव. सॉकेटात चपखल बसेल, पण तापायला वीज इतकी ओढेल की चार दिवसांत अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचा धूर निघेल. जळू दे एकदाचं!

लोभ आहेच, या खेपेला थोडा रागही धाड.
तुझी,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझेही हात शिवशिवले. तो माझाही भाऊ. लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचा. पण वेडाबाई, दुखणं रेड्याला नि डाग पखालीला? तो ट्रान्सफॉर्मर तुझ्या बाबांनी हाताने गुंडाळलाय, तारेचं रीळ मी धरलं होतं. तो जळला तर गेलं कुणाचं?

सोबत ५वाय३ पाठवते, तो दे. हाही तिथेच बसतो आणि ट्रान्सफॉर्मरला काडीचा त्रास देत नाही. फक्त जोर कमी, पुढे व्होल्टेज कमी सोडतो. एवढ्याशा अँप्लिफायरला निभावून नेईल, पण आवाज तापातून उठल्यासारखा मरगळलेला येईल. मिरवता आलं नाही की तुझ्या काकाला वस्तू नकोशी होते. आणि व्हॉल्व्ह फुकट दे. फुकटचं तो तपासून घेत नाही.

जेवणाची हेळसांड नको. माया आहे तशीच.
तुझी,
आत्या

२८ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फत्ते! काकांनी थाटात व्याह्यांना गाणं ऐकवलं, तर व्याही विचारते झाले की गाणारा उपाशी आहे का. काल हमालाच्या डोक्यावरून अँप्लिफायर घरी आला. निरोप असा, की हे मढं तुमचं तुम्हीच सांभाळा. मी तोंड पाडून उतरवून घेतला आणि दार लावून नाचले.

आज सकाळी जीझेड-३४ बसवला, रस्त्याकडची खिडकी सताड उघडली आणि बाबांची आवडती तबकडी लावली. व्हॉल्व्ह सावकाश तापला, मग असा आवाज सुटला की समोरची गिऱ्हाइकं कापड टाकून दारात आली. त्यांच्यामागून काका, गळ्यात मापाची टेप तशीच. खिडकीखाली येऊन हाका मारू लागले, वर येऊ दे म्हणू लागले. मी आवाज वाढवला, दार काही उघडलं नाही. तबकडी संपली तरी उभेच होते. डोळे पुसत होते, असं वाटलं. आत्या, चुकलं का माझं?

कळव, आणि लोभ आटवू नकोस.
तुझी,
भिंगरी

४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चुकलं असेल तर अर्धं माझ्या नावावर. भाऊ गेला तेव्हा कोरडे राहिलेले डोळे आता गाण्याने भिजले, तर भिजू देत.

शनिवारी येते. तोवर दार बंदच ठेव. मग त्याला खुशाल बोलाव. जिन्याच्या पायरीवर बसून ऐकेल. चहा मी स्वतः नेऊन देईन, पण उंबऱ्याबाहेर.

कुशल असावीस.
तुझी,
आत्या