ठकीची उजवी बाजू

४ फेब्रुवारी, दुपार
ठकीचा डावा डोळा काढावा लागणार. काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिसणं कधीच संपलंय, आता नुसतं दुखणं उरलंय, डोळा काढला की कुत्री सुटेल त्यातून. मी अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं. घरात एक तरी माणूस खंबीर लागतो. हिला ते जमत नाही. ही लगेच प्रश्न विचारत बसते: भूल कितीची, टाके कधी काढायचे, खायला काय द्यायचं.

डॉक्टरीणबाईंनी सहीसाठी कागद पुढे केला आणि नेमकं तेव्हाच आठवलं की बाहेर स्कूटर वाकडी लावलीय. लोकांची अडचण नको म्हणून सरळ करायला गेलो. सरळच होती. तरी काढून पुन्हा लावली. परत आलो तर हिनं सही करून टाकलेली, आणि ही फोनवर कुणाशी तरी बोलत होती. मला बघून फोन ठेवला. बायकांना फोनला वेळकाळ नसतो.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
निर्णय: कन्येला यातलं काहीही कळू द्यायचं नाही. पोरगी होस्टेलवर, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर. ठकी म्हणजे तिचा जीव की प्राण. ऐकलं तर कोलमडेल. परीक्षा आटोपून घरी आली की मीच समजुतीनं सांगेन. हिला तशी ताकीद दिली. ही लगेच बरं म्हणाली. इतक्या पटकन ही कधी बरं म्हणत नाही. गांभीर्य कळलेलं दिसतंय.

७ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात थांबणारच होतो, पण स्टुडिओत पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणालं, उद्या येतो, घाई नाही. मी म्हटलं, छे, आत्ताच. धंद्याला शिस्त हवी. त्याचे इतके फोटो काढले की शेवटी तो पाणी मागायला लागला. हिचा फोन आला, सगळं नीट झालं म्हणून. मी बरं म्हणालो आणि स्टुडिओतला पंखा पुसायला घेतला. फार दिवस राहिला होता.

८ फेब्रुवारी
ठकी घरी. गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं, टाके चाटू नयेत म्हणून.

मी तिच्या उजव्या हाताला बसतो. यात शास्त्र आहे. चांगला डोळा त्या बाजूला, तेव्हा माणूस दिसतो, जनावर घाबरत नाही. हिला समजावून सांगितलं. ही खुशाल डाव्या बाजूला बसून तिचं औषध लावत होती.

नवा नियम: घरात डोळ्याचे शब्द बंद. कुत्र्यांना बोलण्यातला भाव कळतो. ही हो म्हणाली आणि पाठोपाठ विचारलं, की डोळ्यांदेखत दूध उतू गेलं, तुमचं लक्ष कुठं असतं. मी कानाडोळा केला. खोडून, दुर्लक्ष केलं असं लिहायला हवं.

९ फेब्रुवारी
ट्रेनिंगचा आराखडा तयार. एका डोळ्याचा विषय माझ्याइतका कुणाला कळणार? जन्मभर डावा डोळा मिटून उजव्यानं कॅमेऱ्यात बघत आलोय, त्यावरच संसार चाललाय. ठकीला हळूहळू अंतराचा अंदाज शिकवायचा. हॉलमध्ये स्टुलं, बादली आणि इस्त्रीचं टेबल मांडून मार्ग आखला. सुरुवात मी करून दाखवायची, डावा डोळा मिटून.

गुडघ्याला सूज. ठकी मधल्या वेळात सोफ्याच्या मागून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ब्रेड खाऊन आली. वाटेत कशालाही धडकली नाही. हे चांगलं लक्षण नाही. आतून दबून गेलीय.

१० फेब्रुवारी, रविवार
कन्येचा मेसेज. या रविवारचा ठकीचा फोटो कुठाय? दर रविवारी मी एक पाठवत असतो. मागच्या वर्षीचा एक छानसा पाठवून दिला. दोन मिनिटांत उत्तर: बाबा, तो पडदा तर आईनं टाकून दिला ना? पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय.

संध्याकाळी
मार्ग सापडला. ठकीच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग घेतला, कॉम्प्युटरवर उलटा करून डावीकडे जोडला. डावी बाजू उघडायचीसुद्धा गरज पडत नाही. वेळ वाचतो. नरसाळं पुसून तिथं मान काढली. मान किंचित लांब झाली. तिचा डावा कान मुळात पडलेला असतो, तोही आता उभा आहे. तब्येत सुधारल्याचं लक्षण म्हणून खपेल. काम अत्यंत सफाईचं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला मुद्दाम दाखवलं, त्याला काहीही खोट काढता आली नाही. फक्त म्हणाला, कुत्री अशी का बघतेय, बँकेत पैसे बुडाल्यासारखी.

पाठवला. कन्येचं उत्तर: किती सुंदर डोळे आहेत गं माझ्या ठकीचे, दोन्ही. सोबत हृदय. भाबडी आहे पोरगी.

१३ फेब्रुवारी
एक विचित्र खोड लागलीय ठकीला. मी उजवीकडे बसलो की उठते, गोल फिरते आणि डावा गाल वर करून डोकं माझ्या मांडीवर ठेवायला बघते. पूर्वी तसंच झोपायची, डावा गाल खाजवून घेत. पण आता ते तिच्यासाठी योग्य नाही, शास्त्र वेगळं आहे. म्हणून मी उठतो आणि पलीकडे जातो. ती पुन्हा फिरते. मी पुन्हा उठतो. आज सोफ्याभोवती असे बरेच फेरे झाले. ही म्हणाली, एक तर दोघं बसा नाहीतर दोघं बाहेर जा, मला चक्कर यायला लागलीय.

व्यायाम म्हणून वाईट नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार
कन्येची फर्माईश: ठकी जांभई देताना हवी. आता जांभई उलटी करून जोडायची म्हणजे जिभा दोन होतात. दिवस गेला त्यात. शेवटी एक जीभ पुसली. बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत बसली होती.

फोटो गेला. उत्तर आलं: वा, ठकी उंच झाली का रे बाबा? मी कळवलं, हो, रोज व्यायाम करतो आम्ही. हे अगदीच खोटं नव्हतं.

पुढची फर्माईश: व्हिडिओ कॉल कर. माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलाय असं कळवलं. ती म्हणाली, आईचा आहे की. आता आली का पंचाईत? पण ही आपणहून पुढं झाली आणि आपल्या फोनला रेंजच नाही असं ठोकून दिलं. मग बाल्कनीत जाऊन त्याच फोनवर अर्धा तास खिदळत होती. माहेरचं काहीतरी असेल. पण खोटं इतकं सफाईदार बोलेल असं वाटलं नव्हतं. माझ्या सहवासाचा परिणाम.

२० फेब्रुवारी
टाके काढले. आज मी जातीनं हजर होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या बाजूनं डोकं धरा. मी त्यांना उजव्या बाजूनं धरण्याचे फायदे सांगितले. त्या ऐकत होत्या आणि टाके काढत होत्या. भिंतीवर मांजरांच्या जंतांचा तक्ता आहे, तो फार माहितीपूर्ण आहे. पूर्ण वाचला.

निघताना डॉक्टरीणबाई हिला म्हणाल्या, कुत्री लवकर सावरतात हो, घरच्यांना जरा वेळ लागतो. हिनं मान डोलावली. हिची काळजी घ्यायला हवी, मनाला लावून घेतलेलं दिसतंय.

२४ फेब्रुवारी, रविवार
फर्माईश: ठकी डावीकडे वळून बघताना.

हिला विचारलं, ही पोरगी अभ्यास करते की नाही? ही म्हणाली, तिला ताण आलाय, तेवढाच विरंगुळा. ते ऐकून उत्साह वाढला. सकाळपासून बसलो. उजवीकडे बघणारी ठकी उलटी करून डावीकडे बघणारी केली. फार सोपं निघालं, पण मागच्या कॅलेंडरवरचे आकडेही उलटे झाले. ते पुसता पुसता भिंत गेली. शेवटी ठकी हवेत बसलीय असं दिसतंय. कन्येला आवडला.

२७ फेब्रुवारी
स्टुडिओत छोटा घोटाळा. एका साहेबांच्या पासपोर्ट फोटोत हात सवयीनं चालला आणि त्यांचाही उजवा अर्धा भाग डावीकडे जोडला गेला. साहेबांच्या उजव्या गालावर तीळ होता, आता दोन झाले. ते म्हणाले हा मी नव्हेच. मी म्हटलं, रोज आरशात बघून माणसाला स्वतःचा अंदाज राहत नाही. झेरॉक्सवाला मध्ये पडला म्हणून निभावलं.

झेरॉक्सवाल्यानं नंतर चहा पाजला आणि विचारलं की ठकी आता दिसते कशी. मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, तिकडनं कशी दिसते? मी म्हटलं, गिऱ्हाईक आलं वाटतं तुझ्याकडे. आलं नव्हतं.

३ मार्च, रविवार
निश्चय: आज ती बाजू एकदा नीट बघायची. नाहीतर कन्या आल्यावर समजावणार कसा? सकाळी नऊची वेळ ठरवली. नऊ वाजता नळाचा वायसर बदलायला घेतला. तो गळत नव्हता, पण पुढेमागे गळलाच असता. दुपारी वायसरमुळे गळायला लागला. प्लंबर बोलावला. दिवस बघता बघता गेला.

ठकी आज मांजराला गच्चीपर्यंत पळवून आली. शेजारणीच्या दारातली चप्पलही आणली. सगळ्या गोष्टी पहिल्यासारख्या करतेय. मनावर दडपण असल्याशिवाय कुणी इतकं नॉर्मल वागत नाही.

१० मार्च, रविवार
कन्येची परीक्षा संपली. गुरुवारी येतेय. आज फोटो मागितला नाही. म्हणाली, आता प्रत्यक्षच बघेन.

तयारी जोरात. भाषण लिहून काढलं. सुरुवात सर्वसाधारण जीवनावर, मग निसर्ग, मग जनावरांची सहनशक्ती, मग मुद्दा. खुर्ची दाराजवळ ठेवायची, ऐकून भोवळ आली तर. पाण्याचा ग्लास मी धरायचा, हिनं तिचा हात धरायचा. ठकीला तोवर आतल्या खोलीत ठेवायचं. रंगीत तालीम घेतली. हिला कन्येच्या जागी बसवलं. ही तोंडाला पदर लावून गदगदत होती. भाषण प्रभावी आहे.

१४ मार्च, गुरुवार, दुपार
कन्या आली. आतल्या खोलीची कडी नीट लागलेली नव्हती.

मी जीवनावर सुरुवात केली होती. ठकी बाणासारखी सुटली. पोरीनं बॅग टाकली, खाली बसली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि डाव्या बाजूला, नेमकी जिथं, तिथं पापी घेतली. दचकली नाही, काही नाही. मी पाण्याचा ग्लास धरून निसर्गापर्यंत पोचलो होतो. मग मीच पाणी प्यायलो.

तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी स्कूटर लावत होतो तेव्हा ही तिच्याशीच बोलत होती. सही कर असं तिनंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंशीही बोलली. मी तिला न सांगायचं ठरवलं हे हिनं त्याच संध्याकाळी कळवलं, आणि दोघींनी मिळून ठरवलं की बाबाला त्याचं त्याचं वाटेपर्यंत काही बोलायचं नाही. म्हणजे ज्याला कळू द्यायचं नव्हतं असा घरात एकच होता. तो मी.

फोटोंचं विचारलं. म्हणाली, कान सोड रे बाबा, मान पण सोड. ठकीच्या एका डोळ्यात खिडकीचा उजेड उजवीकडे होता आणि दुसऱ्यात डावीकडे. खोलीला खिडकी एकच. डोळ्यातला उजेडाचा ठिपका बघायला मीच तिला शिकवलं, ती पहिलीत होती. सगळे फोटो तिनं होस्टेलच्या भिंतीवर लावलेत. मुली दर आठवड्याला मतदान घेतात. हवेत बसलेली ठकी पहिली आली.

मी हसलो. तीही हसली. मग म्हणाली, बाबा, आता एक सांग. टाक्यांची रेघ आडवी आहे की तिरकी?

मी म्हटलं, आडवी. थोडी तिरकी. ही स्वयंपाकघरात गेली. पोरगी माझ्याकडे बघत राहिली, चिडली वगैरे नव्हती. खूप प्रेमानं बघत होती, तेच सहन होईना. मी म्हटलं, मला बघवत नाही गं. पिल्लू होती तेव्हापासून त्या डोळ्यानं माझी वाट बघायची. एवढंच बोललो. ती म्हणाली, अजून बघतेच आहे की वाट. रोज सोफ्याभोवती फिरते ना.

१५ मार्च
सकाळी सोफ्यावर बसलो. उजवीकडेच. ठकी उठली, फिरून आली. मी उठलो नाही. तिनं डावा गाल वर करून डोकं मांडीवर ठेवलं आणि सगळं वजन सोडून दिलं.

रेघ तिरकी आहे. नाकाकडून कानाकडे चढत जाते. केस यायला लागलेत तिथं, मऊ आहेत. खाजवलं तर पाय झाडते, पूर्वीसारखाच. मी खाजवत बसलो. चहा गार झाला. ही दुसरा ठेवून गेली.

मग स्टुडिओत नेऊन फोटो काढला. डावीकडून, जसा आहे तसा, काहीही न जोडता. ठकी शहाण्यासारखी बसली होती, उजेड उत्तम होता, स्टँड पक्का होता. तरी फोटो धूसर आला. पुन्हा काढला, पुन्हा धूसर. इतकी वर्षं धंदा करतोय, असं कधी झालं नाही. पोरगी फोटो बघून म्हणाली, हाच हवा मला, आणि घेऊन गेली.

लेन्सला बुरशी धरली असणार. उद्या साफ करायला टाकतो.