लेखनाला सुट्टी, वाकळीला टाके

गेवराई, रविवार, भाद्रपद वद्य तृतीया. संध्याकाळ.

दुपारी दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. दरवर्षी लेख देतो. यंदा हौसेच्या लेखनाला सुट्टी दिली आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, "काही हरकत नाही." इतक्या लवकर? थोडी तरी हरकत असायला हवी होती. (रोजनिशी लेखनात धरायची नाही, हा नियम माझाच.)

सुट्टीत बायकोच्या हाताखाली वाकळ शिवायला शिकतोय. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, त्यावरच बसायचं आणि धावदोरा घालत सरकायचं. मजा येते, खरंच. पण आज हातात सुई आणि डोक्यात "काही हरकत नाही". म्हणजे माझ्यावाचून अंक अडत नाही? टाके उसवून पुन्हा घालू लागलो, तर ही म्हणाली, "आवं, लेख न्हाई त्यो, वाकळ हाय. वाकडं तर वाकडं, पांघरल्यावर कुणाला दिसतंय?"

तेवढ्यात आत फोन वाजला. संपादकच असणार, उशिरा का होईना हरकत सुचली असणार! ताडकन उठलो, तर अख्खी वाकळ सोबत उठली. विचारांच्या नादात लुंगीच शिवून घेतली होती.

ही पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बसा आता गुमान! पळून जाता व्हय?" मलाही हसू आवरेना. फोन वाजून वाजून गप्प झाला.

लुंगी सोडवून पुढचा कोपरा धरला. बरा जमला. फोन कुणाचा होता, ते अजून पाहिलेलं नाही.