तुमच्या शेतावरची माझी हरकत

पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीस,

शहराची हद्द वाढवून तुमच्या शेतावर टोलेजंग इमारती उभारायला आमच्या कॉलनीने हरकत घेतली. काल सुनावणीत सगळे पाण्याचं, गटाराचं बोलले. मी मात्र आपल्या पाचवीतली हिरव्या रानाची कविता म्हटली आणि तिसऱ्या कडव्यात अडलो. पुढची ओळ तू सांगितलीस, तीही जमीन विकणाऱ्यांच्या रांगेतून.

"बाई, तुम्ही नक्की कुणाकडून?" साहेबांनी विचारलं. सगळे हसले.

मला हसू आलं नाही. तुझ्या शेजारी तुझ्या नवऱ्याचेही ओठ त्याच ओळीवर हलत होते. बाहेर त्यानंच माझा हात धरला. "अहो दादा, ही रोज खुरपताना म्हणते. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली."

माणूस सरळ आहे, म्हणून जास्तच जळफळाट होतो. मला वाटायचं, ती कविता आपल्या दोघांचीच आहे.

शेत विकलंत की तुम्ही लेकाकडे दूर जाणार. मग माझ्या खिडकीतून तू दिसणार नाहीस. ही हरकत कुठल्या साहेबापुढे मांडू? हे पत्रही तुझ्यापर्यंत यायचं नाही.

"कुणाला लिहिताय एवढं?" आत्ताच बायकोनं विचारलं.

"नगरपालिकेला."

तिनं खिडकीबाहेर तुमच्या शेताकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

तुझा,
मागच्या बाकावरचा