व्याह्यांची गाडी, नेहमी गरम

४ जाने., रवि.
नेपियर टाउनला व्याह्यांकडे जाऊन आलो. व्याही दिवाळीपासून मागे लागले आहेत, त्यांची मोठी गाडी आम्हीच घ्यावी. डिझेल, ऑटोमॅटिक, लेदरच्या सीटा. सुमन मागे पाय लांब करून बसली, गुडघे दुखले नाहीत म्हणाली. व्याही म्हणाले, "घर की गाडी है दादा, घरातच राहील." एका सेल्फमध्ये सुरू झाली. लेकीनं, पल्लवीनं, चहा ठेवला अन् आत गेली, बसली नाही.
गाडी म्हणे आठवडाभर उभीच. मग बोनेट काहून गरम होतं?

५ जाने.
माझी सारी नोकरी गाड्यांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनमध्ये गेली. इंजिन थंडच पाहावं. पहिला धूर, पहिली खडखड, गिअर पडताना झटका. खोट असली की थंडीत बोलते, गरम झाली की चूप.
मेकॅनिक नेतो म्हटलं तर सुमन भडकली. "लेकीच्या सासऱ्याची गाडी मेकॅनिकले दाखवता? मग टोमणे कोण ऐकंल, तुम्ही की पल्लवी?" खरं बोलली, म्हणूनच जास्त राग आला. परक्याची असती तर सरळ लिफ्टवर चढवली असती.

१० जाने., शनि.
फोन करून सकाळीच गेलो. बोनेट पुन्हा गरम. व्याही म्हणे, "अभी दूध लेने गया था." दूधवाला यांच्या दारात येतो, पल्लवीनंच सांगितलं होतं कधीतरी. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहिला, माती नाही, म्हणजे पाण्यात बुडालेली नाही. सर्व्हिसची कागदं "शोधून ठेवतो". जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. व्याही हसतात फार. विकणारा इतका हसला की मला धास्ती वाटते.

११ जाने.
व्याह्यांचा फोन. दुसरं गिऱ्हाईक आहे, लवकर ठरवा. घरातच राहणार होती ना? सुमन म्हणते, "घेऊन टाका. लेकीचा संसार मोठा की गिअरबॉक्स?"

१३ जाने., मंगळ.
तिळाच्या लाडवांचं निमित्त. नऊला येतो सांगितलं अन् मुद्दाम साडेसातलाच पोचलो. गाडी चालूच होती. मागे पांढरा धूर, इंजिन खडखड करून राहिलं होतं. मनात म्हटलं, सापडले.
स्टिअरिंगवर पल्लवी. शाल गुंडाळलेली, नाक लाल. मला पाहून तिनं आधी घराच्या दाराकडे पाहिलं.
"बाबा, तुम्ही नऊला येणार होते ना?"
"हे तू करतेस?"
"तुम्ही येणार असले की मलाच सांगतात." मग हळूच, "घेऊन घ्या ना बाबा. चांगली आहे."
खोटं बोलताना ती लहानपणापासून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. आज शालीचं गुंडाळत होती.
आत व्याह्यांनी लाडू खाल्ले. मी रिकामा डबा घेऊन निघालो.

१४ जाने.
सुमनला सांगितलं नाही अजून. गाडीची खोट कळली, ती दुरुस्त होईल. पण पोर दाराकडे काहून पाहत होती? लग्नाआधी त्या घरी चारदा गेलो, चारही वेळा आधी फोन करून. तेव्हाही त्यांनी सारं गरम करूनच ठेवलं असेल.
व्याह्यांचा फोन वाजला, उचलला नाही. पल्लवीला मेसेज टाकला, आईचे गुडघे दुखतात, चार दिवस रांझीला आपल्या घरी ये. तिनं वाचला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही अजून.